हिंडतें बिऱ्हाड आणि हिवाळ्याचा मुक्काम

घर म्हटलें कीं तें एका जागीं असावयाचें आणि ऋतूंनीं त्याच्या दाराशीं येऊन जावयाचें, अशी शहरांतील माणसाची सहज समजूत असते. थंडी वाढली कीं खिडक्या लावाव्या, ट्रंकेंतील शाली-रजया बाहेर काढाव्या, म्हणजे हिवाळ्याची व्यवस्था संपली. परंतु ज्यांचें घरच चालतें आहे, त्यांनीं हिवाळा कसा काढावा हा प्रश्न निराळा आहे. थंडी अडविणाऱ्या भिंती त्यांना नसतात. आणि ती उणीव कांहीं युक्तीनें भरून काढली तरी बिऱ्हाड टेकावें कोठें, ही विवंचना रोजची उरतेच.

इंग्लंडांत अठराव्या शतकापासून मालवाहतुकीसाठीं खणलेल्या कालव्यांचें मोठें जाळें आहे. त्यांवरील होड्या रुंदीला जेमतेम सात फूट आणि लांबीला पुष्कळदां साठ-सत्तर फूट असतात. पूर्वीं त्यांतून कोळसा व इतर माल जाई, आणि नावाडी आपल्या बायकामुलांसह होडीच्या मागच्या टोकाला असलेल्या लहानशा खोलींत राही. १९६२-६३ च्या हिवाळ्यांत कालवे कित्येक आठवडे गोठून राहिले, आणि आधींच खालावलेला तो धंदा त्यानंतर जवळजवळ संपला. आज त्याच घाटाच्या होड्यांतून हजारों लोक घर करून राहतात. हिवाळ्यांत त्यांचा दिवस लोखंडी शेगडीभोवतीं फिरतो. निजतांना शेगडी कोळशानें भरून तिची हवा बेतानें कमी करावयाची, म्हणजे पहाटेपर्यंत ऊब टिकते. परंतु होडींत वारा खेळता राहिला नाहीं तर कोळशाचा विषारी वायु सांचून प्राणावर बेततें. श्वासाची व स्वयंपाकाची वाफ थंड पत्र्यावर जमून अंथरुणें ओलसर होतात. कांठावरचे नळ गोठले तर टाकींतील पाणी पुरवून वापरावें लागतें. नोव्हेंबर ते मार्च या काळांत कालव्याच्या दरवाज्यांची दुरुस्ती निघते व कांहीं भागांतून वाट बंद असते; म्हणून पुष्कळ लोक होडी एके ठिकाणीं बांधून ठेवितात. ज्यांना अशी कायमची जागा नाहीं, त्यांना मात्र १९९५ च्या कायद्याप्रमाणें एका ठिकाणीं सामान्यतः चौदा दिवसांहून अधिक राहतां येत नाहीं. बर्फानें वाट अडली तर गोष्ट वेगळी. एरवीं मुदत संपली कीं दोर सोडावा लागतो.

तापी, गिरणा, पांझरा या खानदेशच्या नद्यांवर अशीं तरतीं घरें दिसत नाहींत. तरीहि हिवाळ्यांतील हिंडतें बिऱ्हाड पाहण्यास खानदेशी माणसाला दूर जावें लागत नाहीं. दिवाळी आटोपल्यावर धुळ्याहून साक्रीकडे किंवा शिरपूरकडे जाणाऱ्यास रस्त्याच्या कडेनें ओझ्याखालीं वांकलेल्या घोड्यांची रांग दिसते. बरोबर बायकामुलें, कुत्रीं, आणि पलीकडच्या रानांत मेंढ्यांचा कळप. तें बिऱ्हाड ठेलारी मेंढपाळांचें. इंग्लंडांतील होडी हिवाळ्यांत पुष्कळदां बांधली जाते. ठेलाऱ्याचें बिऱ्हाड मात्र हिवाळ्यांतच सुटतें.

ठेलारी हे मेंढ्या पाळून जगणारे लोक. महाराष्ट्र शासनाच्या भटक्या जमातींच्या यादींत त्यांचें नांव आहे. त्यांची वस्ती मुख्यतः धुळें जिल्ह्यांत आणि १ जुलै १९९८ रोजीं त्यांतून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यांत आहे. त्यांचीं मेंढरें मात्र तापीच्या खोऱ्यांत उतरून जळगांव जिल्ह्याच्या शिवारांतहि जातात, आणि कांहीं वाडे गुजरातेंत उतरतात. पावसाळ्यांत साक्री तालुक्यांतील माळमाथ्यासारख्या हलक्या, मुरमाड जमिनी त्यांना सोयीच्या पडतात. तेथें पाऊस बेताचा, पाण्याचा निचरा चांगला, आणि गवत आंखूड पण सकस. तापीकांठची काळी जमीन याच दिवसांत मेंढीची वैरीण होते. चिखलांत खूर भिजून सडतात, मेंढ्या लंगडूं लागतात व कळप जागच्या जागीं बसतो. शिवाय शेतांत पिकें उभीं असतात तीं वेगळींच. कार्तिकांत हें सारें उलटतें. माळावरचें गवत वाळून संपतें. खालच्या सपाटींत बाजरी, मूग, भुईमूग निघून शेतें मोकळीं होतात, आणि चिखल वाळून पायवाट कणखर होते. चारा जेथें आहे तेथें मेंढी नेणें, एवढ्या एका नियमानें या लोकांचें वर्ष आंखलेलें आहे. हिवाळ्याचा प्रवास ही हौस नव्हे. घरीं राहिलें तर कळप उपाशी मरेल, म्हणून तो करावा लागतो.

या प्रवासांत होडीचें काम घोडा करतो. खानदेशांत घोडा म्हटला कीं मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास सारंगखेड्याच्या दत्ताच्या यात्रेंत भरणारा बाजार आठवतो. पण तेथील उमदें जनावर मिरवणुकीचें, आणि ठेलाऱ्याचें जनावर मुकाट्यानें संसार वाहणारें. पाठीवर प्रथम गोधड्यांची जाड घडी, तिच्यावर दोन्ही अंगांना तोलून धान्याच्या गोण्या, मग भांडीं, पाण्याचे कॅन, जाळ्या, तंबूचें कापड व काठ्या. आणि सर्वांत वर कोंबड्या, नुकतींच जन्मलेलीं कोकरें व चालतां न येणारें मूल. ओझें एका बाजूला कललें तर घोड्याची पाठ सोलते, म्हणून भरण्याचें काम अनुभवाचें आहे, आणि तें बहुधा बायकाच करतात. पुरुष मेंढ्यांमागें रानांतून जातात. बिऱ्हाड घेऊन रस्त्यानें पुढच्या मुक्कामीं पोंचणें, जागा झाडून चूल मांडणें, पाणी व सरपण आणणें हें स्त्रियांकडे. कांहीं कुटुंबें मिळून चालतात. त्या समूहाला वाडा म्हणतात. वाड्यांतील एखादा जाणता माणूस पुढें जाऊन कोणतें शेत मोकळें झालें, विहिरीला पाणी आहे कीं नाहीं, शेजारीं हरभरा उभा आहे कीं गहूं, याचा तपास करून येतो. त्याच्या शब्दावर पुढचा मुक्काम ठरतो.

खानदेशच्या उन्हाळ्याची कीर्ति सर्वत्र आहे. त्याच्या थंडीची तेवढी नाहीं. समुद्र दूर, हवा कोरडी आणि आकाश निरभ्र. त्यामुळें दिवसां तापलेली जमीन रात्रीं आपली उष्णता अडथळ्यावांचून आकाशांत सोडून देते. उत्तरेकडचा वारा वाहूं लागला कीं धुळ्याच्या कृषि महाविद्यालयांत पारा पांच-सहा अंशांपर्यंत उतरल्याची नोंद होते. डिसेंबरच्या अखेरीस येथें रात्र सुमारें १३ तासांची असते. इतका वेळ उघड्यावर काढावयाचा म्हणजे जागेची निवड हीच पहिली शेगडी. थंड हवा जड असते. ती पाण्याप्रमाणें उतारावरून वाहत जाऊन नाल्यांत व खोलगट जागीं सांचते. म्हणून नदी जवळ असली तरी अगदीं पाण्याशीं उतरण्यापेक्षां थोडा उंचवटा, आणि त्यावर बांधाचा किंवा रचलेल्या पऱ्हाटीचा आडोसा, ही जागा शहाणपणाची.

त्यानंतरची शेगडी म्हणजे खुद्द कळप. संध्याकाळीं मेंढ्या जाळीच्या कुंपणांत दाटीनें बसवितात. मेंढीच्या अंगाची उष्णता सुमारें ३९ अंश. शिवाय पोटांत चारा आंबतांनाहि उष्णता निर्माण होते. त्यामुळें पोटभर चरून आलेला कळप रात्रभर ऊब देतो, आणि अर्धपोटी राहिलेला कळप पहाटे थरथरतो. माणसें कळपाच्या कडेलाच निजतात. यांत ऊब आहे तशीच राखणहि आहे. लांडग्याची चाहूल प्रथम कुत्र्याला लागते, मग मेंढ्यांना, आणि मग माणसाला.

अंगावर पूर्वीं घोंगडी असे. दख्खनी मेंढीची लोकर भरड. सणगर विणकर तिच्या सुतापासून हातमागावर घोंगडी विणीत आणि चिंचोक्याच्या खळीनें ती ताठ करीत. लोकरीच्या तंतूंत अडकलेली हवा ही तिची खरी ऊब. कापसाची गोधडी दंवानें भिजली कीं गार पडते. घोंगडी ओलसर झाली तरी बराच वेळ ऊब धरते. आतां गिरणीच्या स्वस्त ब्लँकेटांनीं तिची जागा घेतली आहे, आणि भरड लोकरीला कातरणीची मजुरी निघेल इतकाहि भाव पुष्कळदां मिळत नाहीं. ज्याच्या कळपावर लोकर वाढते तोच कृत्रिम धाग्याची चादर विकत घेतो, असा हा व्यवहार झाला आहे.

तरीपण कोरडी थंडी सोसतां येते. खरें संकट ओल्या थंडीचें. मेंढीची लोकर भिजून चिकटली कीं तिच्यांतील हवेचा थर नाहींसा होतो, आणि वर वारा सुटला म्हणजे ओलावा सुकतां सुकतां अंगाची उष्णता ओढून नेतो. डिसेंबर २०२१ च्या आरंभीं अवकाळी पाऊस व गारठा एकदम आला, तेव्हां पुणें आणि तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांत शेंकडों मेंढ्या दगावल्या. गोठा असलेल्याला अशा रात्रीं जनावर आंत बांधतां येतें. वाड्याला आंत असें कांहीं नसतें. कोकरांवर तंबूचें कापड टाकावयाचें आणि माणसांनीं बाहेर बसावयाचें.

दिवसाचा क्रमहि थंडीच ठरविते. दंवानें भिजलेल्या गवताच्या पात्यांवर जंतांच्या अळ्या चढलेल्या असतात. तें गवत मेंढीला बाधतें. म्हणून ऊन वर येऊन दंव सुकेपर्यंत कळप सोडीत नाहींत. सकाळचा हा वेळ कोकरांचा. मेंढीचा गर्भकाल सुमारें पांच महिन्यांचा. पहिल्या पावसाच्या हिरव्या चाऱ्यावर गाभण राहिलेल्या मेंढ्या कार्तिक-मार्गशीर्षांत वितात, म्हणजे कोकरांचा जन्म नेमका थंडींत व प्रवासांत होतो. जन्मतांच कोकराचें अंग पुसून कोरडें करणें, त्याला शेकोटीजवळ घेणें, आणि पहिल्या कांहीं तासांत आईचा चीक त्याच्या पोटांत जाईल हें पाहणें, यावर तें जगणार कीं नाहीं हें अवलंबून असतें. एखादी मेंढी आपलें पिलूं जवळ येऊं देत नाहीं. मग तिला धरून कोकरूं लावावें लागतें. न्याहारीला बाजरीची भाकरी व ठेचा, वर मेंढीच्या किंवा शेळीच्या दुधाचा चहा. दंव सुकलें कीं कळप रानांत जातो, कोकरें वाड्यावर राहतात. आणि संध्याकाळीं कळप परतला म्हणजे शेंकडों आया व शेंकडों पिलें हाकेवरून व वासावरून एकमेकांना शोधून काढतात.

एवढें सारें करून हें बिऱ्हाड दुसऱ्याच्या शेतांत बसतें तें कोणत्या आधारावर? उपकारावर नव्हे, सौद्यावर. शेतांत मेंढ्या बसविणें ही खानदेशांतील जुनी पद्धति आहे. गोठ्यांतील शेणखतांत जनावरांचें मूत्र बहुतेक वाया जातें, आणि नत्र व पालाश यांचा मोठा भाग मूत्रांतच असतो. मेंढ्या रात्रभर शेतांत बसल्या म्हणजे लेंडी व मूत्र हीं दोन्हीं जागच्या जागीं मातींत जिरतात. उकिरडा नको, भरणें नको, गाडी नको. किती मेंढ्या व किती रात्री यावर मोबदला ठरतो, आणि तो धान्यांत किंवा रोकड मिळतो. कापसाच्या शेतांत आणखी एक लाभ आहे. शेवटच्या वेचणीनंतर पऱ्हाटीवर राहिलेल्या किडक्या बोंडांत शेंदरी बोंडअळी पुढच्या हंगामाची वाट पाहत असते. म्हणून अशा शेतांत मेंढ्या-शेळ्या चारून घ्याव्या असा सल्ला कृषि खात्याकडून दिला जातो. शेतकऱ्याला जें टाकाऊ तें मेंढीला अन्न, आणि मेंढीचें जें टाकाऊ तें शेताला अन्न. हिवाळ्यांतील मुक्काम या देवघेवीवर उभा आहे.

हीच देवघेव आतां आंखडत चालली आहे. गिरणा धरण १९६९ सालीं पुरें झालें. पुढें विहिरी, विजेचे पंप व ठिबक सिंचन वाढलें. पाणी आल्यानें शेतकऱ्याचें हित झालें यांत शंका नाहीं. परंतु जें शेत पूर्वीं खरिपानंतर मोकळें पडे, त्यांत आतां गहूं, हरभरा, मका, कांदा उभा असतो. काळ्या जमिनीच्या ओलीवर येणारी दादर ज्वारी माघ-फाल्गुनांत निघून शेत सोडी. तापीकांठची केळी तर वर्षभर जागा सोडीत नाहीं. रासायनिक खताची गोणी दुकानांत मिळते म्हणून लेंडीची निकड कमी वाटते. बांधावर तणनाशक व पिकावर कीटकनाशक फवारलेलें असतें, आणि तें मेंढीला कळत नाहीं. गांवोगांवचीं गायरानें आक्रमणानें आंखूड झालीं. मग दोन पिकांमधल्या अरुंद वाटेनें कळप न्यावा लागतो. चार मेंढ्या हरभऱ्यांत शिरल्या कीं भांडण पेटतें. शेतकऱ्याचें नुकसान खरें असतें, आणि मेंढपाळाची अडचणहि खरी असते. पण रात्रीं उठून बिऱ्हाड हलविण्याची पाळी मेंढपाळावरच येते. थंडीच्या रात्रीं, निजलेलीं मुलें उठवून, ओलीं कोकरें गोळा करून घोडे भरणें म्हणजे काय, याची कल्पना भिंतींच्या आंत बसून येणें कठीण आहे.

रान हा दुसरा आसरा. तेथेंहि वाट सोपी नाहीं. नव्या लागवडीच्या वनांत चराईला बंदी असते, आणि ती झाडांच्या दृष्टीनें समजण्यासारखी आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानें फिरत्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क शब्दांत मान्य केला आहे. परंतु जे अनुसूचित जमातींत मोडत नाहींत त्यांनीं तीन पिढ्यांचें, म्हणजे ७५ वर्षांचें, वास्तव्य दाखवावें अशी त्यांत अट आहे. आणि पुरावे सारे गांवाच्या नांवानें निघतात. जो एकेका गांवीं दोन-दोन रात्री राहिला, त्याची नोंद कोणत्या गांवाच्या दप्तरांत सांपडणार? इंग्लंडांतील होडीवाल्याचीहि अशीच अडचण होते. शाळा, डॉक्टर, टपाल, सर्वांना पत्ता लागतो, आणि होडीला पत्ता नसतो. तेथील कायदा म्हणतो, एका जागीं थांबूं नका. येथील कायदा विचारतो, थांबलां कोठें तें दाखवा. दोन्हींकडे हिंडणाऱ्याला थंडीपेक्षां कागद अधिक बोंचतो.

मुलांच्या बाबतींत हें विशेष जाणवतें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क दिला. पण शाळेचें वर्ष जूनमध्यें सुरू होतें, आणि वाडा दिवाळीनंतर निघतो. ज्या घरीं आजीआजोबा गांवीं राहूं शकतात तेथें मुलें त्यांच्यापाशीं ठेवितात. स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांसाठीं हंगामी वसतिगृहांचीहि योजना आहे. ज्यांना हें साधत नाहीं त्यांचीं मुलें घोड्यांबरोबर चालतात, आणि थोरल्या मुलीकडे धाकटें भावंड व कोकरें सोंपविलेलीं असतात. शासनानें राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेखालीं २० मेंढ्या व १ नर असा गट ७५ टक्के अनुदानानें देण्याची सोय केली. ती उपयुक्त आहे. पण मेंढी वाढली तरी तिला रात्रीं बसवावयाची जागा वाढत नाहीं. मोबाइलमुळें मात्र एक गोष्ट सुधारली. कोणाचें शेत मोकळें झालें हें विचारावयास आतां माणूस पुढें धाडावाच लागतो असें नाहीं, आणि पावसाचा इशारा आदल्या दिवशीं कळतो.

फाल्गुनानंतर ऊन चढूं लागतें, आणि मृगापूर्वीं वाडे माळमाथ्याकडे परततात. त्या सुमारास इंग्लंडांतील कालव्यांवर बांधलेल्या होड्यांचे दोर केव्हांच सुटलेले असतात. ज्या शेतांत पौषांत वाडा उतरला होता, तेथें पहिल्या पावसानंतरचें पीक शेजारच्या पिकापेक्षां गडद हिरवें उगवतें. कळप कोठपर्यंत बसला होता, जाळी कोठें लावली होती, हें त्या हिरव्या कडेवरून शेतकऱ्याला ओळखतां येतें. त्या मुक्कामाची सात-बाऱ्यावर नोंद नसते. पण पुढच्या कार्तिकांत वाडा पुन्हां बांधावर आला म्हणजे त्याला हो म्हणावें कीं नाहीं, हें शेतकरी त्या पिकाकडे पाहून ठरवितो.